कवडीचं दुसरं करडू

आत्याची वस्ती, तेरखेड्याजवळ
२२ जून

दीपे,

पोचले एकदाची, चार दिवस झाले. तुमच्या होस्टेलात फोन बंद, म्हणून हे पत्र. शाळेत पोस्टमनवर निबंध लिहिला होता, त्यानंतर पोस्टाशी आलेला हा पहिलाच संबंध.

पप्पांचं म्हणणं तुला पाठ असेलच. नीटला एवढे मार्क पडलेत, बीएएमएसला आरामात नंबर लागतोय, घरावर डॉक्टरची पाटी लागंल, आणि ही म्हणते मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. पाल दिसली की पलंगावर चढणारी पोरगी म्हशीला काय तपासणार? लई वाद झाला. शेवटी ठरलं ते असं की फॉर्मची तारीख संपेपर्यंत मी नागूआत्यांच्या शेळ्यांत राहायचं. आत्या म्हणाल्या ‘जमतंय’, तर पशुवैद्यकीयचा फॉर्म. म्हणाल्या ‘न्हाय’, तर तोंडातून शब्द न काढता बीएएमएस. आईनं मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण पप्पांचा आपल्या अक्कावर जेवढा भरवसा आहे तेवढा जगात कुणावर नाही.

तर आत्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. काही दिवस कुणाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. म्हणाल्या, “तू पावनी हायस. पावन्यानं आल्या आल्या चुलीत हात घालू न्हाय.” मी घरून हातमोजे आणलेत, ते पिशवीतच आहेत.

पण बघण्यासारखं इतकं असतं हे मला माहीत नव्हतं. शेळीला वरच्या जबड्यात पुढं दातच नसतात. नुसती कडक हिरडी. तरी बाभळीच्या काट्यातून ती पाला कसा ओढून घेते ते मी रोज वाकून बघते. डोळ्यातली बाहुली आडवी, गल्ल्याच्या फटीसारखी. रवंथ करताना घास गळ्यातून वर येताना दिसतो. गिळला की जरा थांबायचं, मग दुसरा घास. मी आत्यांना विचारलं, मधी थांबती कशाला? त्या म्हणाल्या, तुला जेवताना कुणी तोंडाकडं बघत बसलं तर तू काय करशील.

सगळ्या शेळ्या काळ्याकुट्ट. एकीच्या कानांवर तेवढे पांढरे ठिपके, तिचं नाव कवडी. ती गाभण आहे. तिच्या पोटाला कान लावून आत काय ऐकू येतं ते बघायची मला लई इच्छा आहे. हात लावायचा नाही असं आत्या म्हणाल्यात, कानाचं मी विचारलेलं नाही.

आणखी एक. तेरखेड्यात फटाके करतात, आणि कुणीतरी मधूनच एखादा बार वाजवून बघतं. काल धाडदिशी वाजला, मी ताटावरून उठून उभी राहिले. शेळ्यांनी कानसुद्धा हलवला नाही. आत्या आणि त्यांचे मालक, आपले कोंडीराममामा, अजून हसतायत.

तुझी,
मोना

*

लातूर
२७ जून

मोनाताई,

तुझं पत्र आधी रेक्टर मॅडमनी फोडलं आणि मग मला बोलावून विचारलं, ही कवडी कोण आणि ती गाभण आहे म्हणजे काय. शेळी आहे म्हणून सांगितलं तर त्यांना पटेना. तुझ्या त्या दातांच्या भागापर्यंत त्यांनी माझ्यासमोर वाचलं तेव्हा माझी सुटका झाली. पुढच्या पत्रात पहिल्याच ओळीत ‘शेळी’ लिही.

रविवारी घरी बोलले. आम्हाला मॅडमच्या फोनवरून पाच मिनिटं मिळतात, त्यातली तीन पप्पाच बोलतात. शेजारच्या काकूंना त्यांनी सांगून टाकलंय की मोना पंधरा दिवसांत स्वतःच परत येईल. वासानंच येईल, म्हणतात. तेव्हा आणखी दोन-चार दिवस जास्त राहा, निदान काकूंसाठी तरी.

ताई, मला तुझं कौतुक आहे, पण थोडा रागही आहे. तू जनावरांकडं गेलीस की माणसांची डॉक्टर मलाच व्हावं लागणार. पप्पांना पाटी लावायचीच आहे, नाव कुणाचं ते दुय्यम. मला गणित आवडतं हे घरात फक्त तुला माहीत आहे. इथं मी बायोलॉजीच्या तासाला वहीच्या मागं गणितं सोडवते. असो. तुझ्याशी भांडून काय उपयोग, तू तर हातमोजे घेऊन गेलीस.

मला सांग, शेळीला हाक मारली तर ती येते का? नाव कळतं का तिला? आणि इतक्या काळ्याकुट्ट करडांत आपलं कुठलं हे आईला कसं कळतं? मला तर आमच्या वर्गातल्या जुळ्या बहिणी अजून ओळखू येत नाहीत.

तुझी,
दीपा

*

आत्याची वस्ती
४ जुलै

दीपे,

शेळी. शेळी. शेळी. झालं मॅडमचं समाधान?

आता ऐक. कवडी शेळी व्याली, आणि तेव्हा वस्तीवर मी एकटी होते. आत्या आणि मामा बाजाराला गेलेले. सकाळपासून कवडी पायानं जमीन उकरत होती, उठायची, बसायची, स्वतःच्या पोटाकडं वळून बघायची. मी आत्यांना फोन लावला तर बाजारात त्यांना ऐकूच येईना. मग मी तिच्याजवळ जाऊन बसले. पहिलं करडू सुटून आलं, कवडीनं लगेच चाटायला घेतलं. ते धडपडत उठलं आणि पडत-झडत सडाला लागलंसुद्धा. मी तोंडावर हात ठेवून बघतच राहिले.

आणि मग दुसरं आलं. जुळं. त्याच्या तोंडावर ती पातळ पिशवी तशीच, छाती हलत नव्हती. कवडीचं लक्ष पहिल्याकडं. दीपे, मला विचार करायला वेळच नव्हता. मी बोटानं पिशवी फाडली, नाकातोंडातला चिकटा काढला, मागचे पाय धरून डोकं खाली केलं आणि वाळल्या गवतानं अंग खसाखसा चोळलं. काही होईना. मी रडत होते आणि चोळत होते. आणि ते शिंकलं. शिंकलं गं. एवढुसं तोंड उघडून श्वास घेतला आणि मला बघून ओरडलं.

मग मी त्याला स्वच्छ धुतलं, माझ्या टॉवेलात गुंडाळलं आणि आत्या येईपर्यंत खोलीत मांडीवर घेऊन बसले. पाट आहे ती, मुलगी. आत्यांनी आल्या आल्या बघितलं आणि म्हणाल्या, “जीव वाचिवलास.”

हातमोजे पिशवीतच राहिले.

आता जास्त लिहीत नाही, कामं आहेत. बाकी सगळं ठीक.

मोना

*

लातूर
९ जुलै

ताई,

तुझं पत्र मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘शिंकलं गं’ला सगळ्या पोरी ओरडल्या. रविवारी घरी बोलणं झालं तेव्हा तू आईला फोनवर थोडंफार सांगितलंयस हे कळलं, म्हणून मी पप्पांना विचारलं, ऐकलं का? ते हळूच म्हणाले, “खरंच शिंकलं?” एवढंच. पण आवाज वेगळा होता, मी ओळखते.

आता माझी शंका. मी बायोलॉजीच्या सरांना हे सांगितलं तर ते खूश झाले आणि पूर्ण तास त्याच्यावरच बोलले. ते म्हणाले, शेळी व्याली की पहिल्या तासा-दोन तासांत करडाला चाटून त्याचा वास मनात पक्का करते. डोळ्यापेक्षा तिचा नाकावर भरवसा. तेवढा वेळ हुकला तर पोटचं करडूसुद्धा तिला परकं वाटू शकतं.

मग मी तुझं पत्र परत वाचलं. पहिल्यानं दूध प्यायलं ते लिहिलंयस. दुसरीनं प्यायलं का, ते कुठंच नाही. तू तिला धुतलंस म्हणतेस. कशानं धुतलंस? आणि शेळीच्या दातांवर एवढं लिहिणारी तू, एवढी मोठी गोष्ट झाल्यावर ‘बाकी सगळं ठीक’ म्हणून कशी थांबलीस?

दीपा

*

आत्याची वस्ती
१३ जुलै

दीपे,

तुला गणितात जाऊ द्यायला पाहिजे, एवढं मात्र खरं. कुठं काय कमी पडतंय ते तुला बरोबर दिसतं.

माझ्या चंदनाच्या साबणानं धुतलं. दोनदा. ती इतकी चिकट आणि घाण दिसत होती की मला वाटलं असंच ठेवलं तर हिला काहीतरी होईल. आत्या म्हणाल्या ते मी तुला अर्धंच लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, “जीव वाचिवलास, अन् आई घालवलीस.”

कवडीपुढं पाट ठेवली. तिनं एकदा हुंगलं, मागं सरकली आणि अशी धडक दिली की ती बिचारी दावणीला जाऊन आपटली. परत ठेवली, परत धडक. पहिल्या करडाला मात्र घशातून हळू आवाज काढून बोलावते, अंग चाटते. दुसरी ओरडत राहते आणि ती तिकडं बघतसुद्धा नाही. मी जाऊन गोठ्यामागं रडले. आत्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

आम्ही काय काय करून बघितलं ते ऐक. चीक पिळून बाटलीनं पाजला, तो आधी पोटात जाणं महत्त्वाचं होतं. मग आत्यांनी पाटीच्या अंगाला मीठ चोळलं, म्हणजे कवडी चाटंल. कवडीनं सगळं मीठ चाटून घेतलं आणि मग धडक दिली. खाल्ल्या मिठाला जागली नाही. मग दोघांना एकाच बांबूच्या डालग्याखाली ठेवलं, म्हणजे पहिल्याचा वास हिला लागंल. डालगं उचललं की कवडी बरोबर पहिल्यालाच घेते.

आत्यांच्या सासूबाई म्हणे कुत्रं आणायच्या. परकं कुत्रं करडाजवळ आलं की शेळी चवताळून मध्ये पडते आणि त्या भरात ते करडू आपलं म्हणते. आम्ही वस्तीवरच्या टिप्या कुत्र्याला आणला. टिप्या लहानपणापासून ह्याच शेळ्यांत वाढलेला. कवडीनं त्याचा कान चाटला. मामांनी पलीकडच्या वस्तीवरचं कुत्रं आणलं, तर टिप्यानं त्याला बांधाच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. मामा म्हणाले फटाका लावून बघू. आत्यांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ह्या शेळ्यांना फटाक्याचं काय?

आता आत्यांनाही खात्रीनं काही सांगता येत नाही. त्या म्हणतात, नेट लावायचा. तेव्हा आत्या कवडीची मान धरतात, मी मागचा पाय धरते आणि पाट चोरासारखी पिते. रोज अनेकदा. माझ्या गुडघ्यांवर कवडीच्या खुरांचे डाग आहेत. पाट वाढायची थांबलीय असं मला वाटतं. तिचं भावंड उड्या मारतं आणि ही माझ्या पायात येऊन बसते. मला आई समजते बहुतेक. तिच्या नाकाला मीच ओळखीची, मी आणि चंदन.

दीपे, मला भीती वाटते. जिवाची डॉक्टर व्हायला निघाले आणि पहिल्याच जिवाला साबण लावला. पप्पांना यातलं काही सांगू नकोस. फॉर्मची तारीख जवळ आली आणि आत्यांनी जमतंय की नाही यावर अजून चकार शब्द काढलेला नाही. मीही विचारत नाही. विचारलं आणि त्या ‘न्हाय’ म्हणाल्या तर?

मोना

*

लातूर
२० जुलै

ताई,

मी सांगितलं.

काल पप्पांनी विचारलं, मोना फोनवर नुसतं हं-हं करते, तिचं काय बिनसलंय? आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. साबण, धडका, तुझं रडणं. मी काळजीनं सांगितलं असं लिहिणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. काळजी होतीच, पण क्षणभर असंही वाटलं की तू हरून परत आलीस तर पाटी तुझ्या नावाची लागंल आणि मी सुटीन. फोन ठेवल्यावर मला माझीच किळस आली.

पप्पा चिडले नाहीत. नुसतं म्हणाले, “शनिवारी सुट्टी आहे, जाऊन घेऊन येतो तिला.”

हे स्पीड पोस्टनं पाठवतेय, म्हणजे त्यांच्या आधी पोचेल. काहीतरी कर, ताई. आत्यांना आधीच बोलून ठेव. आणि मला शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण पत्र लिहायचं थांबवू नकोस. पाट पिते का?

दीपा

*

धाराशिव
२९ जुलै

दीपे,

तुझं स्पीड पोस्ट पप्पांच्या मागून आलं. मामांनी ते काल कुणाबरोबर तरी पाठवून दिलं. तेव्हा शनिवारी पप्पा वस्तीवर उतरले ते माझ्यासाठी आभाळातून पडल्यासारखेच.

ऑफिसचा पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, हातात माझ्यासाठी आणलेली रिकामी बॅग. आत्यांना नमस्कार केला, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, भर सामान. मी म्हणलं, पाजायची वेळ झालीय, तेवढं करून येते. ते माझ्यामागून गोठ्यात आले. कवडीला आत्यांनी नुकतंच पाणी दाखवायला सोडलं होतं. पप्पांनी विचारलं, कुठली ती? मी दाखवली. त्यांनी वाकून तिला उचललं. नीट धरताही येत नव्हतं त्यांना, एक पाय लोंबत होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली.

आणि कवडी आली. मी तिला इतकं जोरात पळताना कधी बघितलं नव्हतं. मागून गुडघ्यांवर जी धडक बसली, पप्पा आहेत तिथं मटकन खाली बसले, लेंड्यांत. पाट हातातून सुटली. कवडी तिच्या आणि पप्पांच्या मध्ये आडवी उभी राहिली, मान खाली घालून, पुन्हा मारायच्या तयारीत. मग वळली. पाटीला शेपटीकडून हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि घशातून तो हळू आवाज काढला, जो आजवर फक्त पहिल्यासाठी होता.

पाट खाली शिरली आणि सडाला लागली. कुणी मान धरलेली नाही, कुणी पाय धरलेला नाही.

आम्ही तिघंही हललो नाही. पप्पा तसेच लेंड्यांत बसून, शेळीला ऐकू जाईल म्हणून की काय, कुजबुजले, “पितीय का गं?”

मी म्हणलं, पितीय पप्पा.

आत्या म्हणतात (पप्पांना त्या वैजूच म्हणतात), वैजूसारखा अनोळखी गडी बघून शेळी बिथरली, म्हणून घेतलं. सासूबाईंचं कुत्रंच ते, दोन पायांचं. मला वाटतं, इतके दिवस तिचंच दूध पोटात गेल्यावर पाटीच्या अंगाला आता कवडीचा वास लागला असणार. ती शेपटीकडूनच, पचलेल्या दुधाचा वास येतो तिकडूनच, का हुंगत होती मग? कदाचित दोन्ही असेल. आमचा वाद मिटलेला नाही आणि मला ते खरंच जाणून घ्यायचंय. तुझ्या सरांना विचार.

जेवताना पप्पांनी सरळ विषय काढला. मामांचा लेंगा घालून बसले होते, त्यांची पँट वाळत होती. म्हणाले, अक्का, आता तूच सांग, पोरीला हे जमतंय का? माझा घास हातातच राहिला.

आत्या म्हणाल्या, “एवढ्यात कसं सांगू? आजून तीन शेळ्या गाभण हायत. पोळ्यापतुर ऱ्हाऊ दे, मंग बघू.”

“फॉर्मची तारीख बुधवारी संपती, अक्का.”

“संपू दे की. कालेजात काय हितल्यापरीस चांगल्या शेळ्या हायत व्हय?”

पप्पांनी भाकरी ताटात ठेवली. आत्यांकडं बघत राहिले आणि एकदम हसायला लागले. म्हणाले, “अक्का, तू हिला सोडायलाच तयार न्हाईस.”

आत्यांनी डोळ्याला पदर लावला. म्हणाल्या, “सोडवत न्हाय बाबा.”

दीपे, मी रडले. गोठ्यामागं जाऊन नाही, तिथंच ताटावर.

येताना एसटीत, येडशी गेल्यावर पप्पा म्हणाले, अशा चुका अजून होतील तुझ्याकडून. मी म्हणलं, होतील. ते म्हणाले, जीवसुद्धा जाईल एखादा. मी म्हणलं, जाईल, आणि त्याची मला आत्ताच भीती वाटते. पण ही चूक परत होणार नाही, पप्पा. ते तिकिटाची घडी घालत बसले.

मग मी विचार केला, आज त्यांच्या गुडघ्यांत दम नाही, हीच वेळ. तुझ्या गणिताचं सांगून टाकलं. तुला न विचारता. आता आपली फिट्टंफाट. ते म्हणाले, तिनं मला कधीच कसं सांगितलं नाही? रविवारी पाच मिनिटं मिळाली की आधी तूच बोल, त्यांना बोलायला देऊ नकोस.

आज शेवटची तारीख. नेट कॅफेत पप्पाच कॉम्प्युटरसमोर बसले, चष्मा लावून, एका बोटानं माझं नाव टाइप करत. पहिली पसंती उदगीर, दुसरी परभणी. कॅफेवाल्या बाईंनी मागून विचारलं, “सर, बीएएमएसचा पण भरून ठेवायचा का? असलेला बरा.” पप्पांचा हात थांबला. मला वाटलं, आता ‘हो’ म्हणतील. त्यांनी चष्मा काढला, उठले, गुडघा धरून जरा कण्हले आणि रिकामी खुर्ची माझ्याकडं सरकवली.

म्हणाले, “डॉक्टरला विचारा.”

तुझी,
मोनाताई